वखारीच्या वळणावरची टुणटुण

३ फेब्रुवारी, सोमवार

संध्याकाळच्या फेरीतही वाजलं! घर नाही, दार नाही, उतरायला पोर नाही — आणि जीपीएस आपलं टुण टुण. तीन ठिकाणी. कालव्याच्या रस्त्यावर, पाण्याच्या टाकीमागे आणि लाकडाच्या वखारीच्या वळणावर. वखारीपाशी तर दचकून ब्रेकच दाबला.

शनिवारी शाळेच्या कारकुनानं सगळ्या पोरांची घरं त्या यंत्रात भरली. म्हणाला, "काका, घर जवळ आलं की आता तेच वाजेल. तुमच्या डोक्याला ताप नाही." ताप नाही म्हणे!

विचारायचं कुणाला? गाडीत आठ पोरं आणि त्यांना सांभाळणारी मावशी. आमची शाळा ऐकू न येणाऱ्या मुलांची, आणि मावशीही तशीच. (माझ्याहून पंचवीस वर्षांनी लहान, तरी मलाही ती मावशीच.) सगळ्या गाडीत ऐकणारा मी एकटा. मी ऐकलं ते खरं की भास, हे सांगणार कोण?

४ फेब्रुवारी, मंगळवार

दोन्ही फेऱ्या धरून सहा वेळा. घरी येऊन कानात बोटं घालून बसलो. आत काही वाजत नव्हतं. तेवढं बरं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

मुलीचा फोन. "बाबा, सदुसष्ट झाली. आता पुरे करा." दर वेळी तेच. शाळेच्या मोठ्या बाई दर मार्चला माझी एक वर्षाची मुदत वाढवतात. मार्च आला तोंडावर. आता भलत्या जागी घंटा ऐकू येतात म्हणालो, तर झालंच! गाडी गेली की मी काय करू? सहावी शिकलेला माणूस. हात स्टिअरिंगवर असले की मी कुणीतरी असतो.

रात्रीच्या जेवणाला शेवटी हिला सांगितलं. ही हातातली पोळी ठेवून माझ्याकडे बघतच राहिली.

"चाळीस वर्षं मी बोलते ते ऐकू येत नाही, आणि आता नसलेल्या घंटा ऐकू येतात?"

मग हसली. मग म्हणाली, "उद्या पोरं शाळेत सोडलीत की मला न्या. मी ऐकते."

हिच्याशी लग्न लावून देणाऱ्या माझ्या आत्याचे उपकार फिटायचे नाहीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वाजलं!! हिनंही ऐकलं! कालव्यापाशी टुण टुण झालं आणि ही ओरडली, "अहो, वाजलं की!" रिकाम्या गाडीत दोघंही पोरासोरांसारखे हसलो. टाकीमागेही वाजलं, वखारीपाशीही वाजलं. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर आहे. बिघडलंय ते यंत्र.

कितीतरी दिवसांनी पोटभर जेवलो.

१० फेब्रुवारी, सोमवार

कारकुनाकडे यंत्र घेऊन गेलो. भला पोरगा. हातातलं काम बाजूला सारून बसला. ते कॉम्प्युटरला जोडलं, नकाशा उघडला आणि मला शेजारी खुर्ची दिली. मला कुणी शेजारी बसवून समजावलं की माझा अर्धा घोर तिथंच जातो.

म्हणाला, "काका, हे यंत्र रस्त्यानं मोजत नाही. सरळ रेघ मारून मोजतं. घर तीनशे मीटरवर आलं की वाजतं. आता हे बघा, कुरळ्या केसांच्या मुलीचं घर कालव्याच्या पलीकडे. सरळ बघितलं तर हाकेवर."

"पण पुलावरून जायला तर दोन किलोमीटर!"

"मध्ये कालवा आहे हे त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?"

टाकीमागेही तसंच. भिंतीपलीकडच्या गल्लीत जुळ्या भावांचं घर. त्यानं तीनशेचे पन्नास केले. एवढंच! एवढ्यासाठी आठवडाभर माझा जीव टांगणीला.

"आणि वखारीचं?"

तो यादी वरखाली करत बसला. पेन उचललं, ठेवलं. "ते... तुम्ही मावशींना विचारा, काका."

मावशीचा काय संबंध?

११ फेब्रुवारी, मंगळवार

कालवा गप्प. टाकी गप्प. वखारीपाशी वाजलंच. मी थांबलो. तिथं 'थांबा' अशी पाटी आहे, थांबायचंच असतं.

दुपारी मावशीला विचारलं. ती ओठ वाचते, पण माझ्या मिशांमुळे तिला त्रास होतो. म्हणते — म्हणजे लिहून दाखवते — "काका झुडपातून बोलतात." आज काही थट्टा केली नाही. माझ्या हातातून फेऱ्यांची वही घेतली आणि बराच वेळ लिहीत होती. ते पान फाडून इथं डकवायचं होतं, पण तिनं परत घेतलं. आठवतं तसं लिहितो.

"जानेवारीत तुम्ही दोनदा त्या पाटीपाशी थांबला नाहीत. दुसऱ्या वेळी ट्रक आला होता. त्यानं ब्रेक मारला म्हणून वाचलो. मी मागून ओरडले. तुम्हाला वाटलं पोरं दंगा करतायत. तुम्ही आरशात बघून हसलात."

खाली लिहिलं होतं — "मोठ्या बाईंना सांगणार होते. धीर झाला नाही. म्हणून कारकुनाला तिथं आवाज ठेवायला सांगितला."

मी म्हणालो, खोटं आहे! मी थांबतो! चांगला जोरात म्हणालो. तिला ऐकू आलं नाही, पण तोंड दिसलं असणार. ती उठून पोरांचे डबे आवरायला गेली.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मावशीशी बोललो नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही. ट्रक आठवत नाही. आठवत नाही हेच वाईट. हसलेला मात्र आठवतो, आरशात बघून. मागे आठ तोंडं होती.

आणि तिला तो आवाज कधी ऐकू यायचा नाही. वाजतो की नाही हेसुद्धा तिला कळणार नाही. मी थांबलो की तिला कळत असेल, वाजला म्हणून. माझी अब्रू आणि पोरांचे जीव, दोन्ही एका टुणटुणीत राखले तिनं. आणि मी तिच्यावर तोंड टाकलं!

सकाळी आधी माफी मागितली. तिनं माझ्या मिशांकडे बोट दाखवून कात्रीची खूण केली. म्हणजे झालं. गेला राग.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शाळेला सुट्टी. हिला शेजारी बसवून रिकामी गाडी काढली. यंत्र बंद करून खणात ठेवलं. मला एकदा खरं काय ते बघायचं होतं. हिला काही सांगितलं नाही. गप्पा मारत निघालो — मुलीकडचं, नळाच्या दुरुस्तीचं. रस्ता मोकळा. डोळे उघडे, हात जागेवर. चांगली चालवत होतो. अगदी चांगली.

ही म्हणाली, "अहो, ती वखार मागे गेली ना? तिथं थांबायचं नव्हतं का?"

गाडी कडेला घेतली. हिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. एक शब्द बोलली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

किल्ली मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. ट्रकचंही सांगितलं. म्हटलं, ड्रायव्हर नवा घ्या, पण मागे मावशीशेजारी मला बसू द्या. ज्याचं मागून ओरडणं पुढच्याला कळेल असं एक माणूस गाडीत हवं. बाई हो म्हणाल्या.