तेवीस विरुद्ध एकोणीस

८ ऑक्टोबर, सोमवार

जेवणाच्या खोलीभर काळं पाणी! घर गरम करणाऱ्या रेडिएटरमधली हवा काढायला गेले होते. दर वर्षी थंडीआधी नवरा काढायचा. ती बोटभर किल्ली, कान तुटलेला कप, खांद्यावर जुना टॉवेल आणि चेहऱ्यावर मोठ्या शस्त्रक्रियेला निघाल्याचा भाव. मी किल्ली नको तितकी फिरवली, आतला स्क्रूच बाहेर आला आणि चिळकांडी थेट पडद्यावर. अंगठा दाबून उभी राहिले आणि हाक मारली. त्याला! चार महिने झाले माणूस जाऊन, तोंडाला अजून पत्ता नाही.

९ ऑक्टोबर

सुनेने व्हिडिओ कॉलवर पडद्याचे डाग पाहिले. तिच्या नजरेतून काही सुटेल तर शपथ. लगेच मुलाचा फोन. "आई, महिनाअखेरपर्यंत घर गरम राहायला लागलं तर रहा. नाहीतर आमच्याकडे यायचं, बास." बास म्हणे! मी काय पार्सल आहे? परवाना खात्यात छत्तीस वर्षं एकेका सहीसाठी मी लोकांचे अर्ज परत पाठवले. मला मुदती कुणी शिकवायच्या नाहीत. मी ह्याच घरात राहणार.

११ ऑक्टोबर

मिस्त्री आला. बॉयलरवर चिकटवलेल्या कागदावर ज्याचा नंबर होता तोच. पन्नाशीचा. तीन स्क्रू ओठांत धरून बोलतो. स्क्रूतोंड्या!

"काकू, बॉयलर गेला."

"मी तुमची काकू नाही."

"बरं मावशी, तरी गेलाच."

बॉयलर सव्वीस वर्षांचा, एसी चौदा. तो म्हणतो दोन्ही काढा, एकच मशीन लावू — थंडीत गरम, उन्हाळ्यात गार. दोन रेडिएटर मोठे घ्यावे लागतील, बाकीचे आतून धुऊन चालतील. मशीनच्या आतल्या जाळ्या दर महिन्याला मी धुवायच्या, वर्षातून एकदा तो येऊन तपासणार. म्हटलं, लावा. आणि हॉलच्या भिंतीवरची ती तापमान कमी-जास्त करायची चकतीही बदला, पिवळी पडलीय.

"ती राहू दे की."

"का राहू दे?"

"चालतेय ना तुमची?" — आणि असा काही गोंधळला की स्क्रू गिळतो की काय वाटलं.

१२ ऑक्टोबर

चकती. एकेचाळीस वर्षांच्या संसारातली निम्मी भांडणं तिच्यासमोर झाली. मला तेवीस अंश लागायचं, त्याला एकोणीस. मी तेवीसवर नेऊन स्वयंपाकघरात जाते न जाते तोच हा उठून एकोणीसवर. "हे घर आहे की भट्टी?" मी परत तेवीस.

एकदा मी म्हटलं होतं, "शवागारात राहायची हौस असेल तर जा तिकडे." जूनमध्ये बस थांब्यावर उभ्या उभ्या कोसळला. मुलगा पोचेपर्यंत दीड दिवस त्याला शवागारातच ठेवलं होतं. जाकीटसुद्धा नव्हतं अंगात.

१३ ऑक्टोबर

काल लिहिलं ते फाडणार होते. फाडत नाही.

१६ ऑक्टोबर

बॉयलर तळघरातून निघाला. चार माणसं लागली. दारात अडकला, उंबऱ्याचा टवका काढून गेला. जाताना तरी नीट जावं!

१८ ऑक्टोबर, गुरुवार

आजचं आजच लिहिते.

स्क्रूतोंड्या चकतीला हात लावेना. मीच पेचकस घेऊन स्टुलावर चढले तेव्हा म्हणाला, "उतरा मावशी, मी काढतो." काढली. मागे वायरींची दोन टोकं, त्यांवर वाळून कुरकुरीत झालेली टेप. कशालाच जोडलेली नाहीत.

"हे काय आहे?"

"खोटी आहे ती. मीच लावली, अकरा वर्षांपूर्वी. तुम्ही बहिणीच्या ऑपरेशनला गेला होता तेव्हा. साहेब म्हणाले, तिला कळता कामा नये."

खरी चकती नवऱ्याच्या अभ्यासाच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाच्या आडोशाला. मी तिथे कधी झाडूसुद्धा मारला नाही. त्याची खोली, तो बघेल!

"आमच्या धंद्यात चालतं हे. नवरा-बायकोचं पटत नसलं की एक खोटी ठेवतो. माझ्याच आठ-दहा घरांत असतील."

"आणि खरी कितीवर होती?"

"एकवीस. थंडीभर. त्यांनी कधी हलवली नाही."

एकवीस! ना त्याचं, ना माझं. अकरा वर्षं मी ती मेली चकती तेवीसवर नेली, "आता कसं माणसात आल्यासारखं वाटतं" म्हणाले आणि शाल काढून ठेवली! मला खरंच गरम व्हायचं! माझ्याइतकी मूर्ख बाई परवाना खात्याने कधी पाहिली नसेल.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, राग आला की शंभरपर्यंत मोजा. दोनशेपर्यंत मोजलं. राग तिथेच, फक्त मोजून झाला.

१९ ऑक्टोबर

खोटारडा.

२० ऑक्टोबर

नाटक्या! कारण तो उठायचा. हेच डोक्यातून जात नाही. चकती मेलेली आहे हे त्याला ठाऊक. तरी रोज गुडघ्यावर हात टेकून उठायचा, कुरकुरायचा, एकोणीसवर न्यायचा. "माझं कोण ऐकतंय ह्या घरात!" असं म्हणायचासुद्धा. कशासाठी? मला फसवायला ती तशीच सोडली असती तरी पुरलं असतं. मी जिंकले समजून गप्प बसले असते.

२२ ऑक्टोबर

विचारलं. स्क्रूतोंड्या बाहेरच्या भिंतीवर नवं मशीन बसवत होता. चहा दिला म्हणजे ओठांतले स्क्रू काढावेच लागतात.

"तुम्ही दर वर्षी बॉयलर तपासायला यायचात. तुमच्यापुढे कधी बोलले ते ह्याबद्दल?"

त्याने कप खाली ठेवला. "एकदा मीच म्हटलं, साहेब, काढून टाकू का ती खोटी? वय झालं आता, कशाला ती उठबस. तर म्हणाले, नको रे बाबा. ती भांडायला आली की घर भरल्यासारखं वाटतं. मुलगा वेगळा राहायला गेल्यापासून आमच्यात दुसरं बोलणं तरी काय उरलंय?"

मी कप विसळायला घेऊन गेले. त्याचा चहा अर्धा राहिला होता.

२३ ऑक्टोबर

बोलायला काय, मला खूप होतं. विचारायचं तरी होतं.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

मशीन सुरू झालं. आवाज जवळजवळ नाही. हॉलच्या भिंतीवर नवीन पाटी, काचेची, आकडे उजळणारी. तिच्या वायरी मी डोळ्यांनी पाहून घेतल्या. तेवीस केलं, पाऊण तासात घर तेवीस. मुलाला फोटो पाठवला. "जिंकलीस आई! रहा आता सुखाने." सुनेने टाळ्यांचं चित्र पाठवलं.

जाताना मिस्त्री म्हणाला, "जाळी महिन्यातून एकदा धुवा, काकू." काकू म्हणाला. मी म्हटलं, धुवीन.

२६ ऑक्टोबर

तेवीस सहन होत नाही. घाम येतो. दुपारी खिडकी उघडून बसले.

२८ ऑक्टोबर, रविवार

सकाळी एकोणीस करून ठेवलं. संध्याकाळपर्यंत बोटं आखडली. आकडा तसाच, उठून बदलायला कुणी नाही.

मुलाला फोन केला — शनिवारी गाडी घेऊन ये. दोन बॅगा आहेत आणि मी.