चार नंबरच्या मशीनमधलं गाव

बुडालेलं गाव परत उभं करायला काय लागलं: माझ्या नेट-कॅफेची माडी, बायकोच्या सोन्याच्या बांगड्या आणि लेकीचे डोळे. तिचे चष्मे धरलेले नाहीत.

मी, दोआन वान खाय, राहणार येन बाय, तलावाकाठी, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना, कुणीही भरीला न घालता लिहीत आहे. डॉक्टर घाई करा म्हणाले नाहीत. हवापाण्याचं बोलत बसले, त्यावरून ओळखलं.

१. घर व कॅफे लेक दिएपला. धरणाखाली गेलेलं आमचं गाव तिनं कॉम्प्युटरवरच्या खेळात बांधलं. होडी पुढे गेली की पाणी हळूहळू विरतं, तळातून छपरं वर येतात, कुठंतरी दिवा लागतो. त्यातला प्रत्येक आवाज, म्हशीची घंटा, ओल्या बांबूची कुरकुर, मी जमवला. ते गाव माझ्याइतकं कुणाच्या कानात नाही.

२. हा खेळ ज्या परदेशी ऑनलाइन दुकानात विकला जाई, ते आपल्या देशात बंद झालं. मी सरकारी कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "काका, तुमचा खेळ कुठं बंद केलाय? दुकान बंद केलंय."
"मग विकू कुठं?"
"त्याचा अर्ज वेगळा."
या साहेबांना माझे जुने हेडफोन द्यावेत. एक कान अजून चालतो.

३. दिएप म्हणते, "बाबा, इथं राहून पुढचा खेळ दाखवू कुणाला?" तिला सिंगापूरला जाऊन धंदा करायचाय. जाऊ द्यावं. त्यासाठी घर विकलं तरी नातेवाइकांनी नाकं मुरडू नयेत.

४. कॅफेतलं चार नंबरचं मशीन मात्र विकू नये. त्यात खेळ बंदीआधीच उतरवलेला आहे, दुकानावाचून चालतो. ते माझ्या थोआताईचं. आईच्या श्राद्धाला ताई त्यातली होडी आमच्या दाराशी लावते, उदबत्ती पेटवते आणि बसून राहते. "ताई, जेवायला चल," म्हटलं की म्हणते, "थांब रे, आई चूल फुंकतेय. आणि म्हशीची घंटा जरा जाड वाजायला हवी होती."

५. माझ्या श्राद्धाला, मेलेल्याला तिकडे पोचते म्हणून जाळतात ती कागदी मोटार जाळू नये, कागदी कॉम्प्युटर जाळावा. तिकडे बंदी नसावी.

साक्षीदार: लुओंग वान त्वेन, न्हावी, फुंग थी हाओ, शेवयांची गाडी.
येन बाय, ९ नोव्हेंबर २०२५.
सही: दोआन वान खाय

वरील मजकूर ताईला वाचून दाखवला. तिनं ही ओळ घालायला लावली: गाव पाण्याखाली गेलं तेव्हा खाय अकरा महिन्यांचा होता, माझ्या पाठीवर झोपलेला.