आमच्या बंबातलं मिसरी अत्तर

मार्गासनी, शुक्रवार

तीर्थस्वरूप हनुमंत दाजी, मुक्काम भोर, यांच्या पायाशी मार्गासनीहून मेहुणा आनंदराव याचा दंडवत पोचावा. तुमची साखर उतरली का? आमच्या आक्काचे गुडघे काय म्हणत्यात? हितं समदं खुशाल हाय असं लिहायची रीत हाय म्हणून लिहितो. पण दाजी, हितं काय बी खुशाल न्हाई, आन त्याला कारण तुमची लेक हाय.

प्रेरणानं पुण्यातली औषधाच्या कारखान्यातली नोकरी सोडली आन अत्तरं करणार म्हणली. तुमी म्हणलात, अत्तरं करायची असतील तर माझ्या उंबऱ्याला पाय लावू नको. झ्याक! तुमच्या उंबऱ्याची सुटका झाली. माझ्या उंबऱ्याला कुणी इच्यारलं? चैतात ती बॅग घेऊन एसटीतनं उतरली आन म्हणली, "मामा, थोडे दिवस राहू का?" (म्या तोंड उघडायच्या आत बयाबाईनं चहा बी टाकला व्हता. माझ्या घरात माझी बायकू मला एवढंच इच्यारती.)

आल्या आल्या तिनं माझा बंब घेतला. आंघोळीचा, तांब्याचा, आमच्या दादांच्या वेळचा. त्यात झाडपाला कोंबला, तोंड कणकेनं लिंपलं, वर नळी बसवली, ती गार पाण्याच्या घमेल्यातनं फिरवली आन गोठ्यात चूल मांडली. का, तर हजारो वर्सांमागं मिसर देशातली, म्हंजे इजिप्तातली, माणसं झाडपाल्याची अत्तरं करीत आन देवापुढं सुगंधी धूप जाळीत, ते तिला पुन्हा करायचं हाय. करू दे की! पर मिसरच्या देवासाठी मार्गासनीच्या माणसानं गार पाण्यानं का आंघोळ करावी? आन माल काय, तर वेखंड, बोळ नावाचा वासाचा डिंक, राळ, मध आन नागरमोथा. व्हय दाजी, नागरमोथाच. भाताच्या खाचरातनं जो उपटता उपटता माझी कंबर गेली, तो ही पोरगी धुऊन, वाळवून, फडक्यात बांधून ठेवती.

त्या धुपासाठी तिनं मनुका वाईनमधी भिजत घातल्या. त्याचा वास गेला वाडीभर, आन वासामागनं आले पोलीस पाटील. गोठ्यात तांब्याचं भांडं, खाली जाळ, वर नळी, बाजूला आंबूस वास. माणसानं काय समजायचं? म्या गळ्यात माळ घातलेला माणूस. पाटलांनी माझ्याकडं बघितलं आन हळूच म्हणले, "आनंदराव, ह्या वयात?"

प्रेरणा म्हणली, "काका, हे दारूचं नाही. हे मिसरचं आहे."

"कोण मिसर? त्याला बी बोलवा."

शेवटी खात्रीसाठी त्यांनी नळीतला थेंब बोटावर घेऊन चाटला. सांजपातुर त्यांच्या जिभेला गुळाची चव लागली न्हाई. ते गेले, पर गावात व्हायचं ते बोलणं झालंच. (देवळात मला आता लोक बसायला जागा जरा जास्तच देत्यात.)

हे बी म्या पचवलं. पर तिची किमया ऐका. जुने किमयागार म्हणं झाडाचा आत्मा काढायचे. तो काढला की उरलेला चोथा वाळवायचा, जाळायचा, राखेतनं खार काढायचा आन तो परत त्याच आत्म्यात घालायचा. म्या इच्यारलं, "मग झाड जित्तं व्हतं का?" तर म्हणती, "सुगंध पुरा होतो, मामा." आमच्याकडं एवढं सगळं केल्यावर तेरावं घालत्यात, सुगंध न्हाई घेत!

आता मुख्य अपमान. वेल्ह्याला आपल्या दत्ताच्या पोराचं लगीन व्हतं. निघताना प्रेरणानं माझ्या मनगटाला आन उपरण्याला अत्तर लावलं. दाजी, खोटं कशाला बोलू, वास लई भारी व्हता. मांडवात शिरलो तर माणसं वळून बघाया लागली. दत्ताचे व्याही जवळ येऊन बसले. म्या बी सगळ्यांच्या नाकापुढं मनगट धरत हिंडलो. नवरदेवाचा गाल बी माझ्याच उपरण्यानं पुसला. परत येताना टेम्पोत पाहुण्यांची गच्च दाटी; त्यात बयाबाईनं प्रेरणाला इच्यारलं, "हे अत्तर कशाचं गं?" आन ही पोरगी आनंदानं सांगती, "मामी, यातला बोळ आणि राळ मिसरमध्ये राजाच्या प्रेताला लावायचे!"

ज्यांनी ज्यांनी माझं मनगट हुंगलं व्हतं ते नाकं पुसाया लागले. मढ्याचं अत्तर लावून म्या नवरदेवाचा गाल पुसला, दाजी! घरी येऊन म्या वरडलो, "उद्या बंब रिकामा कर आन भोरला जा." ती तशीच उठली, बंब घासला, चिंचेनं लखलखीत केला, न्हाणीत जागेवर ठेवला आन बॅग भरली. तवापासनं बयाबाई माझ्याशी बोलत न्हाई. गरम पाण्यानं आंघोळ केली, ती बी अंगाला लागली न्हाई. तवा ताबडतोब या आन आपली लेक घेऊन जा. एवढीच मागणी.

आपला,
आनंदराव

ता. क. पोलीस पाटलांच्या मंडळींनी सुनेसाठी एक बाटली सांगितलीय. दत्ताचा बी फोन आला. म्या शिव्या खायच्या तयारीनं उचलला, तर म्हणतो, व्याही ते मढ्याचंच मागत्यात. लोकांचं काय खरं न्हाई.

दुसरा ता. क. पत्र पाकिटात घालणार तेवढ्यात शेजारची धोंडाबाई आली. ती प्रेरणासंगं मध आणाया भोरच्या बाजाराला जाती. म्हणली, पोरगी दर खेपेला तुमच्या आळीच्या तोंडापातुर चालत जाती, तिथं थोडा वेळ उभी ऱ्हाती, आन माघारी फिरून एसटी धरती. म्या तिला इच्यारलं न्हाई. म्या काय इच्यारणार?

तिसरा ता. क. वरचं खोडत बसत न्हाई, पर न्यायला येऊ नका. बॅग म्याच माळ्यावर टाकलीय आन शिडी शेजाऱ्याला दिलीय. बुधवारी ती मध आणाया भोरला येईल. तुमी आळीच्या तोंडाशी सहज भाजी घ्यायला म्हणून उभे ऱ्हावा. अत्तराचं बोलू नका, नोकरीचं तर बिलकूल नको. "जेवलीस का?" एवढंच इच्यारा. ती न्हाईच म्हणंल, कारण बुधवारी बयाबाईला म्या डबा देऊ देणार न्हाई.