उजेड न सोसणारं औषध

४ नोव्हें., मंगळ. पवनी.
लॅबमधल्या रश्मीचा फोटो आला. माझ्याच लेझरसमोर, डोळ्यांवर तो भलामोठा चष्मा, दात काढून. मागे टेबलावर माझ्या बाटल्या. लेझर काही माझ्या बापाचा नाही, पण त्यावर काम करायची पाळी माझी होती. दीड वर्ष थांबले होते. बाबांच्या छातीत दुखलं, मी नागपूरहून घरी आले आणि सरांनी पाळी तिला देऊन टाकली. मेहनत माझी, मिरवतेय ही. जळतंय. लिहून टाकलं, बरं वाटलं. नाही वाटलं.

६, गुरु.
बाबांची गोळी तीच, जिच्यावर माझी पीएच.डी. अडकलीय. उजेड पडला की तिचा रेणू असा झटक्यात बदलतो की त्यापुढे पापणी लवणं म्हणजे युग. पाण्यात एक वागतो, स्पिरिटमध्ये दुसरं, साबणपाण्यात तिसरंच. ते पकडायलाच तो लेझर.
आज पाहते तर आईने सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत भरलेल्या. बरणी खिडकीत. उन्हात!
"त्यायच्या बोटायनं पाकीट फुटत नाही वं माय, म्हणून काढून ठेवल्या."
केवढी ओरडले. नवं पाकीट आणलं. आई रिकामी बरणी घासत बसली.

७, शुक्र.
रश्मीचा फोन. रडकुंडीला आलेली. "साबणपाण्यातला नमुना सकाळी एक सांगते, दुपारी दुसरंच. मले काहीच समजून नाही राहिलं. तू कसं करत होतीस वं?"
ती बोलत असतानाच कळलं. फोटोत ट्यूबलाइट लखलखतेय, बाटल्या तशाच उघड्यावर. मी काळा कागद गुंडाळायची, लाल बल्बच्या उजेडात भरायची. हाताची सवय, कुणाला कधी सांगितली नाही.
मी म्हणाले, "लेझरवाल्यांना विचार न. तिथंच काही हललं असंन."
मग पोटभर जेवले.

९, रवि.
सरांनी रश्मीला झापलं. तिनंच सांगितलं. मनात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू. वर म्हणते, "बरोबर आहे त्यायचं. तुझा हातच वेगळा आहे." शोधनिबंधात माझं नाव पहिलं ठेवा, असंही सरांना तीच म्हणाली. मेली इतकी चांगली का आहे? वाईट असती तर सोपं गेलं असतं.
उद्या तिची पाळी संपते. मग सहा महिने तरी पुन्हा लेझर नाही...
बाबा आज नदीपर्यंत चालून आले. दम लागला नाही.

१०, सोम.
सकाळी केला फोन. "ट्यूबलाइट बंद कर, बाटल्यांना काळा कागद लाव, नमुना नवीन भर. उजेडात खराब होऊन राहिला तो."
दुपारी तिचा आला. जमलं! ओरडत होती नुसती. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मलाही आनंद... नाही, टोचलंच. त्या टाळ्या माझ्या होत्या.
मग हळू आवाजात विचारलं,
"एक सांग. शुक्रवारी तुले माहीत होतं?"
म्हटलं, "थांब, आई बोलावून राहिली," आणि फोन ठेवला.
आई सकाळपासून धान कापायला शेतावर आहे. फोन पुन्हा वाजतोय.