ड्रायव्हरबाई हयात आहेत

५ ऑगस्ट

चि. बारकूस,
कै. ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

वरचं 'कै.' चुकून पडलेलं नाही. शुक्रवारी लायसनचं नूतनीकरण करायला गेले होते. खिडकीतल्या कारकुनाने संगणकात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि फार नम्रपणे सांगितलं की या बाई दोन वर्षांपूर्वी वारल्या. त्यांच्या वतीने आपण कोण, असंही विचारलं. मी त्याला म्हटलं की बाबा रे, त्या बाई मीच. तर म्हणे, तसा पुरावा आणा.

मग तारीख पाहिली. आई गेली तीच तारीख. आईच्या मृत्यूचा अर्ज तू भरला होतास, आठवतंय? शेवटी तिच्याजवळ मी होते, म्हणून खबर देणारी म्हणून माझं नाव घालायचं ठरलं होतं. अर्जात दोन रकाने. डावीकडे मयत, उजवीकडे खबर देणारा. तू मला डावीकडे घातलंस आणि आईला उजवीकडे. तीस वर्षं रबरी शिक्के उलटे कोरणाऱ्या माणसाला डावं-उजवं कळायचं कसं! डॉक्टरांची चिठ्ठी मागे टाचलेली होती, पण टाचणीमागचं कोण वाचतो? तेव्हा कचेरीच्या लेखी माझ्या मृत्यूची खबर आईने दिली आणि ती स्वतः ठणठणीत आहे. दोन वर्षं मेलेल्या अवस्थेत मी बस चालवली आणि एक ओरखडा नाही, याबद्दल खरं तर मला बक्षीस द्यायला हवं.

आता चेष्टा पुरे. २८ सप्टेंबरला मला पंचावन्न पूर्ण होतात. त्याआधी नूतनीकरण झालं नाही तर लायसन बाद, आणि पंचावन्नानंतर बसचं लायसन नव्याने देत नाहीत. म्हणजे स्टिअरिंग कायमचं सुटलं. तोवर साहेबांनी मला डेपोत चाव्यांच्या खोलीत बसवलंय. दुरुस्ती फक्त ज्याने अर्ज दिला त्यानेच करायची, तुमच्याकडच्या नोंदणी कचेरीत, स्वतः हजर राहून. तो माणूस म्हणजे तू.

लोभ आहे. तो टिकवायचा असेल तर उद्याच कचेरी गाठ.

तुझी, अजून तरी,
ताई

१४ ऑगस्ट

ती. ताईस,
बारकूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसावं की रडावं ते कळेना. चूक माझीच, कान पकडतो. तुझ्या दाखल्यावर जो गोल शिक्का आहे ना, तोही माझ्याच हातचा. अक्षरं बघ कशी स्वच्छ उठली आहेत.

कचेरीत जाणारच होतो, पण तिथले अधिकारी रजेवर आहेत. शिवाय हिचा गुडघा धरलाय, त्यात दुकानात शंभर शिक्क्यांचं काम येऊन पडलंय. आणखी एक गोष्ट. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, असं अर्जाखालीच बारीक अक्षरात छापलंय. कचेरीचं काम माझ्याकडून गेलं तर दुकानात माशा मारत बसावं लागेल.

रागावणार नसशील तर एक सुचवतो. सव्वीस वर्षं गाडी हाकलीस. कंबर दुखते असं तूच म्हणत होतीस. आमची पुढची खोली रिकामी आहे, खिडकीतून रस्ता दिसतो. इकडे ये आणि आराम कर. आपण जिवंत आहोत हे आपल्याला ठाऊक आहे, मग जगाला कशाला पटवत बसायचं?

तुझा लोभ आहेच. या चुकीपायी तो आटू देऊ नकोस.

तुझा,
बारकू

२२ ऑगस्ट

चि. बारकूस,
आशीर्वाद, पण या खेपेला मोजून मापून.

खिडकीतून रस्ता दिसतो म्हणतोस! अरे, मला रस्ता काचेतून बघायचा असतो तो समोरच्या मोठ्या काचेतून, हातात चाक धरून. माझ्या जागी जो दिलाय तो असा ब्रेक दाबतो की म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या पार पुढच्या सीटखाली येतात. मी चाव्यांच्या खोलीत बसून रोज त्याला चावी देते आणि रोज मनात त्याला शिव्या देते.

मी काय काय केलं ते ऐक. डॉक्टरकडून लिहून आणलं की नाडी नीट चालू आहे. कारकून म्हणाला, यावरून कोणीतरी जिवंत आहे एवढंच सिद्ध होतं. मग डेपोतल्या एक्केचाळीस जणांनी सह्या करून दिल्या की ही बाई आमच्यात रोज जेवते आणि रोज भांडते. तोही कागद बिनकामाचा ठरला. वरच्या साहेबांनी सोपा मार्ग सुचवला, की उशिरा झालेली जन्मनोंद म्हणून नवी नोंद करून घ्या आणि नव्या माणसाप्रमाणे सगळं पहिल्यापासून सुरू करा. मी त्यांना सांगून आले की मी नव्याने जन्माला येणार नाही. माझा पहिलाच जन्म अजून चालू आहे आणि तो मला आवडतो.

आता सुट्टी असली की मी लायसनच्या कचेरीतल्या बाकावर जाऊन बसते. नुसती श्वास घेत बसते. कारकुनाने परवा स्वतःचा चहा मला दिला.

एक सांग. लहानपणी तुझ्या पायात रोज उलटे बूट असायचे आणि ते सुलटे मी करायचे. त्या बहिणीसाठी तुला चार पावलं चालवत नाहीत? अधिकारी काय जन्मभर रजेवर असतात? तू काहीतरी लपवतोयस. तुला बाराखडीसुद्धा मी शिकवली, त्यामुळे तुझ्या पत्रातल्या थापा मला लांबून ओळखू येतात.

लोभ कमी झालाय. वाढवणं तुझ्या हातात आहे.

ताई

२ सप्टेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. बायकोने नवऱ्याची चहाडी करू नये म्हणतात, पण तुमच्या हाती महिनाही उरलेला नाही आणि माझ्याच्याने गप्प बसवत नाही.

ह्यांना ही चूक आज कळलेली नाही. दाखला हातात आला त्याच दिवशी कळली होती. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायला निघालेही होते. नेमकं त्याच सकाळी दवाखान्यातून सासूबाईंच्या नावाने पत्र आलं, की आजींनी डोळे तपासायला अमुक तारखेला यावं. हे पायरीवरच बसले ते पत्र घेऊन. मग चपला काढून आत आले आणि कामाला लागले.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी तसं पत्र येतं आणि हे त्याला उत्तर लिहितात. मी चोरून वाचलंय. आईंना सध्या प्रवास झेपणार नाही, कृपया पुढची तारीख द्यावी, असं लिहितात. कोरायच्या टेबलाच्या खणात अशी आठ पत्रं आहेत. परवा मी बोलले तर म्हणाले की ताई काय, ती स्वतःसाठी जगाशी भांडेल. आईला भांडायला कोण आहे.

मला ह्यांचा राग येतो आणि रागावताही येत नाही. तुम्हीच काय ते करा. माझा गुडघा बरा असता तर मीच ह्यांचा हात धरून नेलं असतं.

आमच्यावर रागावलात तरी लोभ सोडू नये.

आपली,
भावजय

७ सप्टेंबर

चि. बारकूस,
ताईचे मनापासून आशीर्वाद.

कोणी सांगितलं ते विचारू नकोस आणि घरात कोणावर डोळे वटारू नकोस. मला सगळं कळलंय.

रागाने तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही फाडली. हे चौथं. आईसाठी तू पुढची तारीख मागत राहिलास हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझ्याइतकं वेडं प्रेम मला जमलं नाही, हे कबूल करते. पण बारकू, तू हे केलंस ते माझ्या जागेवर. आईला त्या कचेरीत ठेवण्यासाठी तू मला बाहेर काढलंस. मी तिथून हलणार नाही. तुझ्यासाठी नाही, आणि स्पष्टच लिहिते, आईसाठीसुद्धा नाही.

मी तुला आईला दुसऱ्यांदा मारायला सांगत नाहीये. आई एकदाच गेली, माझ्या मांडीवर, आणि तिला उशीर झालेला कधी आवडायचा नाही. तिला तू दोन वर्षं थांबवून ठेवलं आहेस. माझं म्हणशील तर मला कंबर आहे आणि ती दुखते, म्हणजे मी आहे. मला चाक हवं आहे. पंचावन्नाव्या वर्षी एखादी गोष्ट हवी म्हणायला मला कोणाची लाज वाटत नाही.

१७ तारखेला मंगळवार आहे. पहिल्या गाडीने मी येते, प्रवासी म्हणून. अकरा वाजता तू कचेरीच्या पायरीवर दिसलास तर उत्तम. नाही दिसलास तर मी दुकानात येईन, तुझ्या टेबलासमोर बसेन आणि सही होईपर्यंत उठणार नाही. बाकावर बसायचा सराव मला आता चांगला आहे.

लोभ पूर्वीइतकाच आहे. खरं तर थोडा जास्तच.

ताई

१२ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पायरीवर असेन. काम गेलं तर जाऊ दे. खणातली पत्रं बरोबर आणतो, एकट्याने ती फाडवत नाहीत.

लोभ असावा असं म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

बारकू

२४ सप्टेंबर

सौ. वहिनीस,
अ. उ. आशीर्वाद.

गुडघा कसा आहे? शेक चुकवू नकोस. बारकूने तुला मंगळवारचं काही सांगितलं नसणार, म्हणून मी लिहिते.

तो माझ्याआधी पोचला होता. अर्ज भरताना त्याने पेन कोरणीसारखं धरलं होतं आणि डावी बाजू कुठली ते मला दोनदा विचारलं. आईचं नाव लिहायला त्याला बराच वेळ लागला. मागे रांग होती, पण मी आडवी उभी राहिले आणि कोणाला पुढे येऊ दिलं नाही. अधिकाऱ्यांनी त्याला लेखी ताकीद दिली आणि वर्षभरासाठी काम काढून घेतलं. त्या ताकिदीवर त्यानेच कोरलेला शिक्का उमटवला, तेव्हा आम्ही दोघंही हसलो. बारा वाजून दहा मिनिटांनी मी जिवंत झाले. खिडकीतून दोन कागद आले, एक माझा आणि एक आईचा. आईच्या कागदावरची शाई त्याने फुंकून वाळवली आणि घडी करून वरच्या खिशात ठेवली. पत्रं आम्ही बाहेर पायरीवर बसून फाडली, चार त्याने, चार मी. मला रडू आलं नाही. मी जिंकले होते ना!

शनिवारी लायसन मिळालं. वाढदिवसाला अजून सात दिवस बाकी होते. काल सकाळी बस बाहेर काढली. चाक हातात आलं आणि वाटलं, या आता कोण कोण मला मेलेली म्हणतंय ते बघते.

दवाखान्याच्या थांब्यावर एक म्हातारी चढली. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. दांडा धरून तिने मला सांगितलं की बाई, हळू चालव, मला काही घाई नाही. एवढंच. गाडी सुरू करायला गेले आणि हात उचलेनात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टर, कागद, आलेल्यागेलेल्यांचा चहा, सगळं मी केलं होतं. तेवढं रडायचं राहून गेलं होतं, वहिनी. ते काल, भर रस्त्यात, चाळीस प्रवाशांसमोर आलं. मी इंजिन बंद केलं आणि चाकावर डोकं ठेवून मनसोक्त रडले. कंडक्टरने लोकांना सांगितलं की गाडी ठीक आहे, थोडं थांबा. एकही माणूस उतरला नाही.

अकरा मिनिटं उशीर झाला. डेपोत उशिराच्या वहीत कारण लिहावं लागतं. टायर, इंजिन, रस्ता, असं काहीतरी. मी 'आई वारली' असं लिहिलं. दोन वर्षांपूर्वी माझी रजा साहेबांनीच मंजूर केली होती, त्यामुळे ती कधी वारली हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली सही केली.

ताई