तिसऱ्या घराचा गिलावा

३ तारीख
आलो एकदाचा! गल्लीतली नऊ घरं बंद पडलेली. जो दुरुस्त करून राहील त्याचं घर, अशी इथल्या कचेरीची योजना. वस्ती पुन्हा नांदती व्हावी म्हणून. मला तिसरं मिळालं. खाली दोन खोल्या, वर एक, जिन्याचा कठडा शाबूत. पंधराला बायको आणि लेक येतील. वरची खोली लेकीची. समोरच्या मावशींनी डोक्याचा रुमाल सावरत चहा आणून दिला. या दारात पुन्हा चपला दिसतील म्हणून त्यांचे डोळे भरून आले. कामाला लावलेल्या गवंडीमामांचं मात्र एकच पालुपद: जुन्या गिलाव्याला हात लावू नका, वरून थर देऊ. मी हसलो. ओल असेल तर विटेपर्यंत खरवडायचं, हे मी पंधरा वर्षं लोकांना शिकवत आलोय.

५ तारीख
वरची खोली खरवडली. गिलाव्यात केस निघाले. त्यात नवल नाही. तडे जाऊ नयेत म्हणून पूर्वी बकरीचे केस मिसळत. पण हे लांब, मऊ, तेलकट. वास न धुतलेल्या उशीचा. मामांनी थापी खाली ठेवली. भिंतीचं टक्कल केलंत साहेब, आता तुमचं तुम्ही निस्तरा, म्हणाले आणि गेले ते गेलेच.

८ तारीख
खरवडलेल्या जागी बोटभर केस उगवलेत. विटा कोमट, चिकट. हात लावला की नखांत पिवळट कोंडा भरतो. कात्रीने कापले. दुपारपर्यंत पुन्हा तेवढेच. जेवताना घासात केस लागला. ओढला. येतच राहिला, घशाच्या आतून, हातभर. ओकलो. ओकारीतही केस.

१० तारीख
मावशींना जाब विचारला. त्यांनी शांतपणे रुमाल सोडला. डोक्यावर एक केस नाही. टाळू ओलसर, चाटल्यासारखा. इथली घरं राहणाऱ्यांच्या केसांवरच उभी असतात, म्हणाल्या. द्यायला माणसं उरली नाहीत तशी एकेक बंद पडली. मामा जुन्या केसांवरच भागवणार होते, तुम्ही ते उपटून काढलेत. मग हळूच विचारलं, लेकीची वेणी कुठवर येते हो?
बायकोला फोन केला, येऊ नका. ती हसली. काम रखडलंय म्हणून सरळ सांगा की, म्हणाली.

१२ तारीख
माझे केस दिले, मुठीमुठीने. भिंतीने चोखून घेतले — ओठांचा आवाज आला. पुरले नाहीत. दाढी दिली. भुवयाही.

१४ तारीख
एक दिवस आधीच आल्या. मला चकित करायला. मी चुना आणायला गेलेलो — मावशींनी दार उघडून दिलं.
लेक वर हसत होती. बाबा, भिंत किती मऊ आहे, म्हणाली.
आता हसत नाही. वेणी निम्मी आत. बायकोने तिला कमरेला धरलंय. कात्री लावली की लेक किंचाळते — केसांतून रक्त येतं, दाट, तेलकट —
डाव्या हाताने तिचं डोकं धरून लिहितोय. तिचा कान टेकला भिंतीला —
पुढे हे घर जो घेईल त्याने — जुना गिलावा खरव