रोशनीच्या नावाची मूठ

शनिवार, सांजच्याला. उद्या कानबाई देवीचा सण.

आज देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू काढले. आमच्याकडे घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ, आणि तो रोट भाऊबंदांनीच खायचा. रोशनीची मूठ टाकायला गेले तर मोठ्या जाऊबाईंनी, अक्कांनी, माझा हात धरला. "आधी कागद व्हऊ दे. देवीना रोट शे, परकी पोरले चालत नही."

परकी? बालगृहातून सांभाळायला आणली त्याला तिसरं वर्ष लागलं. तिचे ताप मी काढले, उवा मी काढल्या. दत्तकाची फाईल जळगावला कलेक्टर साहेबाच्या टेबलावर पडून आहे, त्यात पोरीचा काय गुन्हा?

मागची दोन वर्षं मी अक्कांचं ऐकलं. सगळे रोट खात बसले नि ही उंबऱ्यावर शिऱ्याची वाटी घेऊन. "आई, माझी मूठ कुठे?" विचारलं तिने. मी काय केलं? वाटीत अजून शिरा वाढला. एवढं माझं तोंड, तेव्हाच कुठे गेलं होतं?

आज हात सोडवला आणि पोरीलाच हाक मारली. "टाक गं, तुझ्या हाताने." तिची मूठ ती केवढीशी. म्हटलं, अजून दोन टाक, मागच्या राहिल्यात.

अक्का फणकारल्या, "मंग आम्हले नको तुना रोट."

"नका खाऊ. नाहीतर रोशनीचे गहू वेचून काढा."

टोपलीत हात घालून मी सगळं एक केलं आणि रोशनीला घेऊन गिरणीवर गेले. पीठ घरात आलंय. साहेब सही करतील तेव्हा करतील.